धावत्या गाडीमागे कोमट होणारा फ्रिज: एका कॅरॅव्हॅनचं प्रकरण

तक्रार साधी होती. जुनी गाडी होती तोवर कॅरॅव्हॅनमधला, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घरातला, फ्रिज उत्तम चालायचा. नवी गाडी घेतल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत आतलं दूध कोमट झालेलं असतं. कॅरॅव्हॅन तीच, फ्रिज तोच, बदलली ती फक्त ओढणारी गाडी. मालकांना वाटत होतं की दोष गाडीत आहे. गाडीवाल्यांचं म्हणणं होतं की गाडी ठणठणीत आहे, फ्रिज म्हातारा झालाय. प्रकरण माझ्यापर्यंत आलं तेव्हा मालक नवा फ्रिज घ्यायच्या बेतात होते.

मी आधी घटनांचा क्रम विचारून घेतला, आणि तिथेच पहिला धागा हाती लागला. नव्या गाडीला कॅरॅव्हॅनचा प्लग जोडायचं मागचं १३ पिनचं सॉकेट बसवून घेतलं, त्यानंतरच्या पहिल्या प्रवासांत फ्रिज व्यवस्थित चालत होता. मग एकदा वाटेत चार तास थांबणं झालं आणि परत निघताना गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. ज्याने वायरिंग केलं होतं त्याने त्यावर उपाय म्हणून डिकीत एक रिले, म्हणजे वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, बसवून दिला. त्यानंतर बॅटरी कधीच उतरली नाही, पण फ्रिज कोमट व्हायला लागला तो तेव्हापासून. म्हणजे तक्रार ‘नव्या गाडीपासून’ नव्हती, ‘रिलेपासून’ होती. सगळं दोन-तीन महिन्यांच्या आत घडल्यामुळे मालकांच्या मनात ते एकच होऊन बसलं होतं.

फ्रिज तीन इंधनांवर चालणारा होता: घरगुती वीज, गॅस आणि गाडीची १२ व्होल्टची वीज. या जातीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी जी शोषण पद्धत काढली, तीच आजही यात चालते. खालच्या बॉयलरमध्ये अमोनिया मिसळलेलं पाणी तापवायचं, त्यातून अमोनियाची वाफ निघते, ती मागच्या जाळीत थंड होऊन द्रव बनते, मग हायड्रोजनच्या सान्निध्यात तिचं पुन्हा बाष्पीभवन होतं आणि त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता फ्रिजच्या आतून शोषली जाते. शेवटी पाणी तो अमोनिया पुन्हा सामावून घेतं आणि चक्र पुढे चालू राहतं. एकही हलता भाग नाही, म्हणून आवाजही नाही. मात्र हे सगळं चक्र फिरतं ते बॉयलरमधल्या बुडबुड्यांच्या जोरावर. आच कमी पडली तर थंडावा त्याच प्रमाणात थोडासा कमी होईल असं समजू नये. चुलीवर आच मंद ठेवली की पाणी तासभर कोमटच राहतं, उकळी म्हणून फुटत नाही. इथेही तसंच होतं. शिवाय बंद पडलेला बॉयलर पुन्हा तापून थंडावा सुरू व्हायला अर्धा तास किंवा जास्तच जातो. पुढचं सगळं निदान या दोन गोष्टींवर उभं आहे.

या फ्रिजचा बॉयलर तापवणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉइलवर १२० वॅट लिहिलेलं होतं. म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर, आणि कॉइलचा रोध १.२ ओहम. या बाजूला थर्मोस्टॅट नव्हता. बऱ्याच जुन्या फ्रिजमध्ये तो नसतोच. वीज मिळेल तोवर कॉइल अखंड तापत राहणार. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते हे लोक विसरतात. १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले तर उष्णता सहाव्या भागाने कमी होत नाही, ती १२० वरून ८३ वॅटवर येते.

फ्रिज निर्दोष आहे हे आधी ठरवून घेतलं. सपाट जागी उभा करून, घरगुती विजेवर रात्रभर चालवला. सकाळी आत ४ अंश. गॅसवरही तसाच. मागच्या दोन्ही जाळ्या मोकळ्या, धूळ-कोळिष्टकं नाहीत. १२ व्होल्टची कॉइल मीटरवर बरोबर १.२ ओहम दाखवत होती. फ्रिज बदलायचा विचार तिथेच संपला.

मग गाडी जोडली, इंजिन सुरू केलं, फ्रिज १२ व्होल्टवर टाकला आणि चालत्या लोडवर, म्हणजे फ्रिज प्रत्यक्ष वीज ओढत असताना, मोजायला घेतलं. लोडवर मोजणं हा या कामाचा आत्मा आहे. प्लग काढून रिकाम्या सॉकेटमध्ये मीटरच्या काड्या घातल्या तर मीटर १४ व्होल्ट दाखवतोच, कारण मीटर स्वतः प्रवाह जवळजवळ घेत नाही. वायरीची एक तार उरलेली असली तरी १४ दाखवेल. आधीच्या माणसाने नेमकं असंच मोजलं होतं आणि गाडीला प्रमाणपत्र देऊन टाकलं होतं. फ्रिज जवळ नसेल तर हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब एकत्र जोडून लोड म्हणून लावावेत, नऊ-एक अँपिअर ओढतात आणि खरी गोष्ट लगेच दिसते.

बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते. फ्रिजच्या टर्मिनलवर १०.७. प्रवाह ८.९ अँपिअर. म्हणजे वाटेत साडेतीन व्होल्ट गळत होते आणि १२० वॅटची कॉइल ९५ वॅटवर रखडत होती.

गळती कुठे कुठे आहे ते एकेक टप्प्यावर काड्या ठेवून शोधलं. बॅटरीपासून मागच्या सॉकेटपर्यंत धन बाजूला फ्यूज, रिले धरून ०.६६ व्होल्ट. ही वायर १.५ चौरस मिलिमीटरची होती, लांबी साडेपाच मीटर; या कामाला बारीकच. सॉकेटपासून गाडीच्या बॉडीपर्यंतच्या निगेटिव्हवर ०.४, कारण लगच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खालचा रंग खरवडलाच नव्हता. कॅरॅव्हॅनच्या आतली जायची-यायची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, सात मीटर, दोन्ही मिळून ०.८६. प्लगच्या धन पिनवर ०.५.

आणि प्लगच्या ११ क्रमांकाच्या पिनवर, एकट्या एका पिनवर, १.१ व्होल्ट.

१३ पिनच्या रचनेत १० क्रमांकाची पिन इंजिन चालू असतानाच जिवंत असते आणि फ्रिजसाठी असते. ११ क्रमांक हा तिचा परतीचा रस्ता. ९ क्रमांकावर कायम वीज असते आणि तिचा परतीचा रस्ता १३. प्लग उघडला तेव्हा ११ च्या भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेलं होतं. पिनची चमक गेलेली, वर काळा थर. आतला स्क्रू बोटाने फिरला. १.१ व्होल्ट गुणिले ८.९ अँपिअर म्हणजे जवळपास १० वॅट उष्णता त्या काडीएवढ्या पितळेत तासन्‌तास जिरत होती. पिन तापते, तापल्यामुळे तिच्यावर थर वाढतो, थरामुळे रोध वाढतो आणि ती आणखी तापते. हे असंच चालू राहिलं असतं तर एक दिवस प्लगने पेट घेतला असता, त्यामुळे माझ्या लेखी कोमट दुधापेक्षा ही पिन जास्त गंभीर होती. कॅरॅव्हॅन ओढून आल्यावर प्लगला हात लावून पाहायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. गरम लागला तर काहीतरी बिघडलेलं आहे, दुसरा अर्थ नाही.

तरीही एवढ्याने माझं समाधान झालं नव्हतं. ९५ वॅटवर फ्रिज कुरकुरत का होईना, थोडा तरी थंड राहायला हवा होता. इथे तर पाच तासांत आतलं तापमान ६ वरून १५ अंशांवर जात होतं, बाहेर तिशीच्या आसपास असताना. म्हणजे वीज कमी मिळत होती एवढंच नव्हे, ती मधूनमधून मिळतच नसावी. उभ्या गाडीत ते दिसणार नव्हतं.

म्हणून फ्रिजच्या टर्मिनलपासून एक लांब बारीक वायर पुढच्या सीटपर्यंत आणली, मीटर तिथे ठेवला आणि कॅरॅव्हॅनसकट रस्त्याला लागलो. मालक गाडी चालवत होते, त्यांच्या पत्नी शेजारी वही घेऊन बसल्या, मी मागे. पहिली वीसेक मिनिटं आकडा १०.७ च्या आसपास स्थिर. मग सपाट, मोकळा रस्ता लागला, गाडीने वेग धरला आणि थोड्याच वेळात बाई म्हणाल्या, “अहो, शून्य आलं.” पुढच्या उतारावर आकडा परत आला, उतार संपला की गेला. मध्येच तो दोन-तीन सेकंदांनी येऊ-जाऊ लागला. रेडिओ बंद केला तेव्हा डिकीतून टक-टक-टक असा आवाज स्पष्ट ऐकू आला. मालक म्हणाले, “हा आवाज तर नेहमीच येतो, मला वाटलं जॅक हलतोय.” रिले होता तो.

नव्या गाड्यांमधला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, जुन्यासारखा सतत १४ व्होल्ट देत नाही. इंजिनचा संगणक त्याला सांगतो कधी किती द्यायचं. बॅटरी भरलेली असेल आणि गाडी एका वेगाने जात असेल तर इंजिनावरचा भार आणि इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो. उतारावर किंवा ब्रेक लावताना फुकटात मिळणारी ऊर्जा बॅटरीत भरून घ्यायला तोच १५ च्या घरात नेतो. थंड इंजिन सुरू केल्यावर, सुरुवातीला झालेला खर्च भरून काढायला, काही वेळ १४ च्या वर राहतो. दारात गाडी सुरू करून मोजलं की सगळं छान दिसतं ते यामुळेच.

डिकीतला रिले व्होल्टेज पाहून काम करणारा होता: १३.३ झाले की जोडायचं, १२.८ च्या खाली गेले की तोडायचं. जुन्या गाड्यांत हा हिशेब चोख बसतो, कारण १३.३ च्या वर म्हणजे इंजिन चालू आणि १२.८ च्या खाली म्हणजे बंद. या गाडीत मात्र इंजिन चालू असूनही अल्टरनेटर १२.५ वर आला की रिलेला वाटायचं गाडी थांबली, आणि तो फ्रिज तोडून टाकायचा. टक-टकीचं कारण त्याहून गमतीशीर आहे. रिले डिकीत, बॅटरीपासून पाच मीटरच्या बारीक वायरीच्या टोकाला. समजा अल्टरनेटर १३.३५ देतोय. फ्रिज तुटलेला असताना वायरीत प्रवाह नाही, म्हणून रिलेलाही १३.३५ दिसतात आणि तो जोडतो. जोडताच आठ-नऊ अँपिअर धावायला लागतात, त्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते, रिलेला १२.८ च्या खालचा आकडा दिसतो आणि तो तोडतो. तोडला की पुन्हा १३.३५. असं तासन्‌तास.

वहीतल्या नोंदी पाहिल्या तर त्या फेरीत फ्रिजला निम्म्याहून कमी वेळ वीज मिळाली होती, तीही तुकड्यातुकड्यांनी. ज्या बॉयलरला नुसतं कामाला लागायला अर्धा तास हवा, त्याला दहा मिनिटं वीज आणि पंधरा मिनिटं विश्रांती असा खुराक मिळाला तर तो थंडावा देणार कुठून?

आता सुरुवातीची उतरलेली बॅटरीही समजली. सॉकेट बसवताना वायरमनने ९ आणि १० या दोन्ही पिना एकाच कायम जिवंत वायरीवर जोडल्या होत्या. फ्रिजला अखंड वीज, अल्टरनेटरच्या चढउताराची फिकीर नाही, म्हणून फ्रिज छान चालला. पण इंजिन बंद केल्यावरही चालतच राहिला. आठ अँपिअरने चार तास म्हणजे ३२ अँपिअर-तास. बॅटरी ६० ची, आणि ब्रेकमधली ऊर्जा सामावायला जागा हवी म्हणून अशा गाड्या बॅटरी काठोकाठ भरतच नाहीत. साधारण ८० टक्के धरले तर हाताशी ४८. उरले १६. त्यावर इंजिन फिरवायला स्टार्टरला जोर येत नाही. पहिली तक्रार आणि दुसरी तक्रार या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या: इंजिन चालू आहे की नाही हे फ्रिजच्या वायरीला कोण सांगणार? आधी कोणीच सांगत नव्हतं, मग चुकीचं सांगणारा रिले आला.

मालकांनी वाटेत विचारलं होतं, हे सगळं सोडून प्रवासात गॅसवरच का चालवू नये? मी त्यांना ठाम नाही म्हटलं. धावत्या गाडीत पेटती ज्योत आणि उघडा सिलेंडर ठेवायचा, अपघातात नळी तुटली तर गॅस कुठे जाईल त्याचा भरवसा नाही, आणि पेट्रोल पंपावर ज्योत विझवायची एकदा जरी विसरली तर विसरायला पुन्हा संधी मिळेलच असं नाही. अनेक देशांत यावर बंदी किंवा कडक अटी आहेत. नियम बाजूला ठेवला तरी मी स्वतः हे कोणालाही करू देणार नाही.

उपाय असा केला. बॅटरीजवळ, हातभर अंतराच्या आत, २० अँपिअरचा फ्यूज. तिथून मागच्या सॉकेटपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर. फ्यूज ३० चा का नाही असं वायरमनने विचारलं. वाटेतली सर्वांत बारीक वायर ज्या आकाराची, तिला साजेसा फ्यूज लागतो, आणि प्लगच्या पिनांमध्ये २.५ च्या वर वायर शिरत नाही. त्यामुळे कॅरॅव्हॅनची जोडकेबल २.५ चीच राहिली, फक्त ती जाड वायरीला जितक्या जवळ मिळवता येईल तितक्या जवळ मिळवली. निगेटिव्हसाठी बॉडीवर विसंबलो नाही, तीही ६ ची वायर पुढपर्यंत नेली. मात्र ती बॅटरीच्या खांबाला जोडली नाही. या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. थेट खांबाला जोडलं तर फ्रिजचा प्रवाह त्याच्या हिशेबातून निसटतो आणि संगणकाला बॅटरीची स्थिती चुकीची कळते. म्हणून बॅटरीची वायर बॉडीला जिथे जोडलेली असते त्या बोल्टवर, रंग-गंज साफ करून, लग बसवला.

व्होल्टेज पाहणारा रिले काढला. त्या जागी साधा रिले, ज्याला इंजिन चालू असल्याचा संकेत टोइंग मॉड्यूलमधून (मागच्या सॉकेटची वीज सांभाळणाऱ्या गाडीतल्या डबीतून) मिळतो. व्होल्टेज किती का असेना, इंजिन चालू तर फ्रिज चालू, बंद तर बंद. ९ आणि १० वेगळ्या केल्या, ११ आणि १३ ही. प्लग आणि सॉकेट दोन्ही नवे; जुन्या काळ्या पिनला घासून नवी करण्यात वेळ घालवू नये. कॅरॅव्हॅनमधली सात मीटरची वायरही ६ ची केली.

पुन्हा मोजलं. अल्टरनेटर १४.२ वर असताना फ्रिजला १२.७ व्होल्ट, म्हणजे १३५ वॅटच्या आसपास. अल्टरनेटर १२.६ वर उतरला तेव्हा ११.३ व्होल्ट, म्हणजे १०६-१०७ वॅट. लक्षात घ्या, या गाडीच्या सर्वांत वाईट क्षणी आता जे मिळतं ते आधी अल्टरनेटर १४.२ वर असताना मिळायचं त्यापेक्षा जास्त आहे, आणि अखंड आहे.

व्होल्टेज वाढवून स्थिर देणारं डीसी-डीसी उपकरण मधे घालावं का, हा प्रश्न निघाला. या प्रकरणात मी नको म्हटलं. वायर जाड केल्यावर फ्रिजची गरज भागत होती. कॅरॅव्हॅनची स्वतःची बॅटरी प्रवासात भरून घ्यायची असेल तर असं उपकरण घेणं योग्यच, कारण १२.६ वर बॅटरी भरत नाही. तेव्हाही फ्रिज त्याच्यावर टाकू नये. २० अँपिअरच्या उपकरणातून १० फ्रिजनेच खाल्ले तर बॅटरीच्या वाट्याला उरणार किती? फ्रिजची वायर वेगळी, भरणीची वेगळी. कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्यायचा विचारही मालकांनी बोलून दाखवला. तो चालू असताना ५० वॅटच्या आसपास घेतो आणि अधूनमधूनच चालतो, हे खरं. पण त्याचा संरक्षक भाग साडेदहा व्होल्टच्या आसपास त्याला बंद करतो, म्हणजे काळी पडलेली पिन त्यालाही सतावणारच.

वायरिंगचा भाग इथे संपला, फ्रिजच्या वापराचा राहिला. १२ व्होल्टची बाजू थंडावा टिकवण्यासाठी असते. निघायच्या सकाळी फ्रिज सुरू करून त्यात घरच्या तापमानाचे डबे भरायचे आणि वाटेत गार होतील अशी आशा धरायची, असं या घरात चालायचं. आता आदल्या दिवशीच घरगुती विजेवर फ्रिज लावतात, डबे आधी घरच्या फ्रिजमध्ये गार करून मग आत ठेवतात, आणि मोकळी जागा राहू देत नाहीत. आत एक साधा तापमापक ठेवायला सांगितला. पुढच्या लांब प्रवासाची त्यांची नोंद अशी: निघताना ४ अंश, पाच तासांनी ७, बाहेर तशीच तिशी. दूध आणि शिजवलेलं अन्न ५ च्या खाली राहिलं तर बरं, म्हणून उन्हाळ्याच्या लांब टप्प्यात ते आता एक-दोन बर्फाच्या पिशव्याही आत ठेवतात. या जातीचा फ्रिज बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशच खाली जाऊ शकतो, आणि कितीही जाड वायर टाकली तरी ती मर्यादा हलत नाही.

थांब्यांसाठी नियम ठरवून दिला. इंजिन बंद केलं की फ्रिज आपोआप बंद होणार. तासा-दोन तासांचा थांबा असेल तर दार उघडायचं नाही, एवढंच. तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने चढेल. त्याहून जास्त थांबायचं असेल तर कॅरॅव्हॅन सपाट जागी उभी करून, पंपापासून दूर, गॅसवर टाकायचा आणि निघताना सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून मगच किल्ली फिरवायची. फेरीबोटीवर गॅस लावायचाच नाही, तिथे बर्फाच्या पिशव्यांवरच भागवायचं.